‘बोरिंग’ला जाताना : भांडगावच्या आजोबांसाठी थोडं जपानी



आपल्या भांडगावात ‘बोरिंग’ म्हटलं की कोणाच्याही डोळ्यांसमोर काय येतं? रानात उभी असलेली बोरची गाडी, कानठळ्या बसवणारा आवाज, उडणारा पांढरा धुरळा, आणि पाणी लागेल का नाही म्हणून कडेला जीव मुठीत धरून बसलेला शेतकरी. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या पुतणीचा फोन आला आणि ती म्हणाली, “काका, रविवारी आम्ही सगळे बोरिंगला चाललोय, दादांना पण नेणार आहोत,” तेव्हा मला वाटलं, हिनं तोक्योत जमीन घेतली की काय!

तिला म्हणायचं होतं बोलिंग. म्हणजे लांबलचक गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि पलीकडे उभ्या केलेल्या दहा पिना पाडायच्या, तो खेळ. जपानी भाषेत ‘ल’ नाही, म्हणून त्याचं झालं ‘बोऽरिंगु’. आणि गंमत म्हणजे जमिनीत भोक पाडण्यालाही जपानी लोक ‘बोऽरिंगु’च म्हणतात. लिहिताना दोन्हींत एका अक्षराचा फरक करण्याची पद्धत आहे, पण बोलताना कानाला तो कळत नाही. म्हणजे माझी चूक अगदीच गावंढळ नव्हती, जपानी माणसाचीही झाली असती.

आजचा पाठ या फोनमधून निघाला. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

पुतणी आणि जावई तोक्योच्या एदोगावा भागात, निशि-कासाइला राहतात. २००० सालाच्या सुमारास कॉम्प्युटरच्या कामासाठी भारतातून गेलेली माणसं या भागात राहू लागली आणि आता तिथे भारतीय किराणा दुकानं, खाणावळी सगळं आहे. मराठी कुटुंबंही बरीच आहेत. तोक्यो मराठी मंडळ आहे, गणपती बसतो. अंबरनाथला जन्मलेले आणि पुणे विद्यापीठात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहात निवडून आले, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल.

पुतणीचा मुलगा तिथल्या साध्या सरकारी शाळेत दुसरीत आहे. तो घरात मराठी समजतो, पण उत्तर जपानीत देतो. आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, आणि वहिनी दोन महिन्यांसाठी तिकडे गेले होते. पहिल्या आठवड्यात नातू आजोबांच्या मांडीवरून उतरत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात त्याचे मित्र घरी यायला लागले, आणि आजोबा खोलीत जाऊन बसायला लागले. मग नातवाच्या वर्गमित्राच्या आईवडिलांनी सगळ्यांना बोलिंगला बोलावलं, तर दादा सरळ म्हणाले, “मला न्हाई यायचं. तिथं मुक्यावानी बसू काय? पोराला लाज वाटंल.”

पुतणी मला म्हणाली, “काका, तुम्ही जपानीची परीक्षा दिली आहे ना? तुम्हीच काहीतरी करा. माझं ते ऐकत नाहीत.”

मी जपानीचा शिक्षक नाही, हे आधीच सांगून टाकतो. यवतहून सकाळची लोकल धरून दर रविवारी पुण्याला क्लासला जायचो, आणि जेएलपीटीची सगळ्यात खालची पायरी, एन-५, कशीबशी पार केली. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी शिकून गेले. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तर जपानमधल्या ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीचंच आहे. पण शहरातच कशाला, संभाजीनगरजवळच्या गाडीवाट गावातल्या जिल्हा परिषद शाळेची मुलं इंटरनेटवरून जपानी शिकली, त्याची बातमी झाली होती. त्यांना रोबोटचं आकर्षण होतं. दादांना मात्र नातू हवा होता.

माझ्या हातात चार दिवस होते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला शाळेतून आलो की तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले. दादांची झोपायची वेळ. रोज वीस-पंचवीस मिनिटं मिळणार.

पहिल्या दिवशी मी शिक्षक लोक करतात तीच चूक केली. नव्वद शब्दांची यादी करून व्हॉट्सॲपवर पाठवली. चेंडू, बूट, भिंत, दिवा, गुण, खुर्ची, सगळं ओळीनं. दादांनी वाचली आणि म्हणाले, “ही काय रेशनची यादी हाय का? ह्यातलं तिथं मी कुणाला काय म्हणणार?” खरंच की. ‘भिंत’ या शब्दाचं बोलिंगला गेलेल्या आजोबांना काय काम? यादी रद्द केली. मग दोघांनी डोळे मिटून त्या दिवशी काय काय होईल ते दारापासून सुरू करून सांगत गेलो, आणि जिथे तोंड उघडावं लागेल तिथलाच शब्द घेतला. असे पंचवीसेक निघाले. तुम्हाला कोणतीही भाषा एखाद्या कामापुरती शिकायची असेल, मग ते बँकेतलं इंग्रजी असो की बाजारातलं कानडी, तर शब्द असेच काढा.

आता उच्चारांबद्दल. इथे आपल्याला, म्हणजे मराठी माणसाला, बसल्या जागी मोठा फायदा आहे.

जपानी स्वर पाचच आहेत आणि त्यांचा क्रम आहे आ, इ, उ, ए, ओ. व्यंजनांच्या ओळी आहेत का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. जरा थांबा आणि आपली वर्णमाला आठवा. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य, र, ल, व. सारखं वाटतं ना? हा योगायोग नाही. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत अक्षरांचा अभ्यास जपानला पोचला. तिथले भिक्षू ‘सिद्धम्’ लिपी शिकत, आणि त्या अभ्यासातून जपानी अक्षरांची ही मांडणी आली. च-वर्गाच्या जागी त्यांचा ‘सा’ आहे, कारण जुन्या काळी त्याचा उच्चार चकाराजवळचा असावा असं अभ्यासक मानतात. प-वर्गाच्या जागी ‘हा’ का आहे, ते मात्र लक्षात ठेवा. पुढे पिना मोजताना त्याचा उपयोग होणार आहे.

दुसरा फायदा म्हणजे ‘त्सु’. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हा उच्चार जमवायला वेळ लागतो. आपल्याला नाही. ‘चूल’, ‘चुना’, ‘चोर’ म्हणताना जो च निघतो, तोच. दादांना मी म्हटलं, “चुना म्हणा.” म्हणाले. “आता त्याच च नं ‘कुचु’ म्हणा.” झालं की ‘कुत्सु’, म्हणजे बूट. तसंच ‘जग’मधला ज आणि ‘जेवण’मधला ज जपानीतही वेगवेगळे आहेत. खाली ‘जान्नेन’, ‘दोऽजो’ आणि ‘जेन्बु’ या शब्दांत ‘जग’मधला ज म्हणायचा, आणि दहा म्हणजे ‘जू’, त्यात ‘जेवण’मधला.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. स्वर लांबवला की अर्थ बदलतो. लांब स्वर दाखवायला मी ‘ऽ’ हे चिन्ह वापरतोय. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. ‘ओजिसान’ म्हणजे काका-मामा, ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. त्या मित्राच्या आईला चुकून ‘ओबाऽसान’ म्हटलं तर बिचारीचं वय एका क्षणात तीस वर्षांनी वाढेल! (खरं तर तिला ‘ओबासान’ही म्हणू नये. तिच्या मुलाच्या नावानं, ‘अमक्याची आई’ असं म्हणायची पद्धत जास्त चांगली. आपल्याकडे नाही का, ‘बंड्याची आई’?) आणखी एक म्हणजे ‘देसु’ लिहिलं तरी बोलताना शेवटचा उ जवळजवळ गिळून ‘देस्’ म्हणतात.

व्याकरणाची तर धास्तीच नको. ‘मी चेंडू टाकतो’ यात आधी मी, मग चेंडू, शेवटी क्रियापद. जपानीतही तसंच. इंग्रजीसारखी उलटापालट नाही. आपल्या ‘चा-ची-चे’ ऐवजी त्यांचा एकच ‘नो’. आणि प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी काय लावतात माहीत आहे? ‘का’! ‘येणार का?’ तसंच ‘किमासु का?’ आपण शेवटी ‘ना’ लावतो तिथे ते ‘ने’ लावतात. हा मात्र निव्वळ योगायोग आहे, दोन भाषांचं नातं वगैरे काही नाही. पण दादांना तो ‘का’ एवढा आवडला की पहिल्या दिवशी ते प्रत्येक वाक्याला लावत सुटले.

चला तर मग, दारातून आत जाऊ या.

काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारणार, “नान्मेइसामा देसु का?” म्हणजे आपण किती जण? उत्तर जावईच देणार, तरी माणसं मोजायची गंमत सांगतो. आपण मराठीत ‘दोन माणसं आली’ असं क्वचितच म्हणतो. ‘दोघं आली, तिघं आली, चौघं आली’ म्हणतो, आणि पाचापासून ‘पाच जण, सहा जण’. जपानीत हुबेहूब हाच प्रकार आहे. एकटा म्हणजे ‘हितोरि’, दोघं म्हणजे ‘फुतारि’, आणि तिघांपासून साध्या आकड्याला ‘निन’ लावायचं, सान्निन, योनिन, गोनिन. मोठी माणसं ‘ओतोना’, मुलं ‘कोदोमो’. आमची पलटण होती, “ओतोना रोकुनिन, कोदोमो फुतारि.” मोठी सहा, मुलं दोन.

मग बूट. तिथे स्वतःच्या चपला-बुटांनी खेळता येत नाही, खास बूट भाड्यानं घ्यावे लागतात. “कुत्सु ओ कारिताइ देसु” म्हणजे बूट घ्यायचे आहेत. आता माप. आपल्याकडे सात नंबर, आठ नंबर. जपानमध्ये पायाच्या लांबीचे सरळ सेंटिमीटर! हे मला फार शहाणपणाचं वाटतं. दादांना कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं खूण करायला लावली, नातवाच्या पट्टीनं मोजलं, साडेपंचवीस भरला. ‘निजूगो तेन गो’ किंवा नुसतं ‘निजूगो हान’. हान म्हणजे अर्धा. पुढे ‘सेंचि’ लावायचं. मोजे पाहिजेतच, आणि दादांनी जन्मात मोजे घातले नव्हते. मोज्यांना म्हणतात ‘कुत्सुशिता’, कुत्सु म्हणजे बूट आणि शिता म्हणजे खाली. बुटाखालचं. असा शब्द एकदा फोडून दाखवला की परत पाठ करावा लागत नाही.

चेंडू निवडताना दोनच शब्द, ‘ओमोइ’ जड आणि ‘कारुइ’ हलका. चेंडूवर पौंडाचा आकडा असतो. सगळ्यात जड सोळा पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोच्या आसपास. दादांनी आयुष्यभर उसाच्या मोळ्या उचलल्या, त्यांना वाटलं सोळाचाच घ्यावा. मी सांगितलं, उचलायचा नाही, सोडायचा आहे, दहाचा घ्या. चेंडूला तीन भोकं असतात. त्यांत अंगठा, मधलं बोट आणि अनामिका घालायची. या बोटांची जपानी नावं ऐकण्यासारखी आहेत. अंगठा म्हणजे ‘ओयायुबि’, ओया म्हणजे आईबाप आणि युबि म्हणजे बोट. बोटांचा मायबाप! मधलं ‘नाकायुबि’, नाका म्हणजे मध्य, तिथे आपल्यासारखंच. आणि अनामिका? संस्कृतात तिला नावच नाही म्हणून ती अ-नामिका. जपानीत ती ‘कुसुरियुबि’, औषधाचं बोट, कारण पूर्वी औषध त्या बोटानं कालवत. आपणही चाटण आणि गंध त्याच बोटानं लावतो, हे वहिनींनी लगेच सांगितलं. त्या मागून सगळं ऐकत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

आता मुख्य गोष्ट, पिना मोजणं. यावर आम्ही दीड दिवस घालवला, आणि तुम्हीही घालवा.

साधे आकडे असे, इचि, नि, सान, योन, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, जू. (चारला ‘शि’ असंही म्हणतात, पण त्याचा उच्चार ‘मृत्यू’ या शब्दासारखा होतो, म्हणून मोजताना ‘योन’ बरा.) पण जपानीत नुसता आकडा लावून वस्तू मोजत नाहीत. वस्तूच्या आकाराप्रमाणे आकड्याला शेपूट लागतं. आपल्याकडे नाही का, कोथिंबिरीची जुडी, कडब्याची पेंढी, उसाची मोळी, बैलांची जोडी, कपड्यांचे नग? तसंच, फक्त त्यांच्याकडे ते टाळता येत नाही. लांबट, उभ्या वस्तूंना, म्हणजे पेन्सिल, बाटली, झाड आणि बोलिंगची पिन, शेपूट आहे ‘होन’. दोन पिना म्हणजे ‘निहोन’.

सगळीकडे होन लावलं की झालं, असं वाटतं. पण तसं नाही. एक म्हणजे ‘इप्पोन’, तीन ‘सानबोन’, सहा ‘रोप्पोन’, आठ ‘हाप्पोन’, दहा ‘जुप्पोन’. बाकी निहोन, योनहोन, गोहोन, नानाहोन, क्यूहोन. हा ह मध्येच प आणि ब का होतो? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आठवा. जपानी ‘हा’ची ओळ वर्णमालेत आपल्या प-वर्गाच्या जागी बसली आहे, कारण फार पूर्वी तो ‘पा’च होता. काळाच्या ओघात प झिजून ह झाला. पण जिथे आधीच्या अक्षराशी घट्ट जोड झाला, तिथे जुना प टिकून राहिला. इप्पोन, रोप्पोन. आणि ‘सान’मधल्या न ला चिकटून त्याचा ब झाला. आपल्या जगत् + नाथ = जगन्नाथ सारखाच जोडाक्षराचा प्रकार. नुसतं घोकायला लावलं असतं तर दादा कंटाळले असते. कारण सांगितल्यावर म्हणाले, “म्हंजी म्हातारा प अजून घरात हाय, सणावाराला बाहेर येतो.” मी वीस वर्षं शिकवतोय, मला एवढं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

वर्गात मी हे दहा रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांवर घेतलं. व्हरांड्यात बाटल्या एक, दोन, तीन, चार अशा चार ओळींत, त्रिकोणात मांडायच्या. खऱ्या खेळातही पिनांची मांडणी हीच असते. लांबून व्हॉलीबॉल घरंगळत सोडायचा. खऱ्या पट्टीची लांबी रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट असते, आमचा व्हरांडा तेवढा नाही, निम्म्यावर भागवलं. सोडणाऱ्यानं विचारायचं, “नानबोन?” म्हणजे किती? बाकीच्यांनी ओरडून उत्तर द्यायचं. उरलेल्या सांगायच्या तर आधी ‘आतो’ लावायचं. “आतो सानबोन!” म्हणजे अजून तीन राहिल्या. सगळ्या पडल्या तर “जेन्बु!” सहावीच्या वर्गानं दोन तासिकांत दहाही आकडे बरोबर म्हटले. लगोरी खेळणाऱ्या पोरांना हे जड नाही.

बाकी खेळाचे शब्द इंग्रजीतूनच गेले आहेत, फक्त जपानी कपडे घालून. पहिल्याच चेंडूत दहाही पडल्या तर ‘सुतोराइकु’, दोन चेंडूंत मिळून पडल्या तर ‘सुपेआ’, चेंडू कडेच्या नाळीत गेला तर ‘गाताऽ’. जपानीत न सोडला तर सुटं व्यंजन चालत नाही, म्हणून प्रत्येकाला स्वर जोडला जातो. हसू नका, आपणही स्टेशनचं ‘टेसन’ आणि स्टॉपचं ‘इष्टाप’ केलंच आहे. उसने शब्द सगळेच आपापल्या जिभेप्रमाणे वळवतात. आपला ‘पाव’ आणि जपानी ‘पान’, म्हणजे ब्रेड, हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं आहेत. पोर्तुगीज गोव्याला उतरले तसे जपानलाही उतरले होते. बोलिंग मात्र बरंच नंतर, १८६१ मध्ये, नागासाकीला परदेशी व्यापाऱ्यांच्या वस्तीत आलं. त्या आठवणीसाठी २२ जून हा तिथे बोलिंगचा दिवस मानतात. आपल्या पुणे-दौंड भागातून रेल्वे धावू लागून तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती. पुढे १९७० च्या आसपास जपानमध्ये बोलिंगचं अक्षरशः वेड पसरलं. आज तो घरच्यांबरोबर रविवारी खेळायचा साधा खेळ आहे.

लहान मुलं असतील तर नाळीवर आडोसा उभा करून देतात. “नोऽ गाताऽ नि शिते कुदासाइ” म्हणजे नाळ बंद करून द्या. दादांनी विचारलं, “म्हाताऱ्यासाठी करत्यात का?”

आता ज्या शब्दांसाठी एवढा खटाटोप केला ते. खेळात माणूस फार बोलत नाही, पण दुसऱ्याच्या खेळावर लगेच काहीतरी म्हणतो. तेवढं आलं की तो गप्प बसलेला पाहुणा राहत नाही.

कोणी टाकायला निघालं की “गान्बात्ते!” आपलं ‘होऊन जाऊ दे’. मोठ्या माणसाला म्हणायचं तर “गान्बात्ते कुदासाइ”. तू आणि तुम्हीमध्ये आपण करतो तसाच फरक. चांगलं पडलं तर “सुगोइ!” भारी. आपलं स्वतःचं जमलं तर “यात्ता!” एखादीच पिन डुगडुगत उभी राहिली तर “ओशी!” या शब्दाला मराठीत एका शब्दात प्रतिशब्द मला सापडलेला नाही. ‘थोडक्यात हुकलं’, ‘जरासाठी गेलं’. त्यात खेळणाऱ्याचं कौतुकही असतं, म्हणून तो मला सगळ्यात आवडतो. अगदीच वाया गेला तर “जान्नेन”, अरेरे. आणि मित्राचा चेंडू नाळीत गेला तर “दोन्माइ!” हा इंग्रजी ‘डोन्ट माइंड’ वरून जपान्यांनीच घडवलेला शब्द आहे. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. हा बरोबरीच्याला किंवा लहानाला म्हणायचा, वयानं मोठ्या माणसाला नाही. पाळी विचारायची तर “त्सुगि वा दारे नो बान देसु का?” पुढे कोणाची पाळी? शेजारच्या पट्टीवर त्याच वेळी कोणी टाकायला उभं राहिलं तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं आणि हात पुढे करून म्हणायचं, “दोऽजो.”

टाळी देण्याला ‘हाइ ताच्चि’ म्हणतात. दादांना म्हटलं, हे शिकू नका. “दे टाळी” म्हणा, हात बघून पोरं समजतील.

शेवटचं वाक्य ओळख करून द्यायचं. जपानीत स्वतःच्या नात्यांची नावं वेगळी आणि दुसऱ्याच्या नात्यांची वेगळी. माझे वडील ‘चिचि’, तुमचे वडील ‘ओतोऽसान’. माझी आई ‘हाहा’, तुमची ‘ओकाऽसान’. आपल्यासाठी नम्र शब्द, समोरच्यासाठी मानाचा. आजोबा स्वतःबद्दल सांगताना ‘ओजीसान’ म्हणणार नाहीत, ‘सोफु’ म्हणतील. म्हणून वाक्य झालं, “कोनो को नो सोफु देसु.” शब्दाला शब्द लावा, ह्या मुलाचा आजोबा आहे. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. दादांनी ते चार दिवसांत किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. वहिनी म्हणाल्या, झोपेत पण चालू होतं.

रविवारी काय झालं ते पुतणीनं रात्री सांगितलं. दारातच दादांनी हात जोडून ते वाक्य म्हटलं. मित्राच्या वडिलांनी कमरेत वाकून लांबलचक काहीतरी उत्तर दिलं, त्यातलं दादांना एक अक्षर कळलं नाही, त्यांनी “हाइ, हाइ” म्हणून वेळ मारून नेली. (हाइ म्हणजे हो. आपल्या ‘हाय’सारखंच, त्यामुळे तो शिकवावा लागला नव्हता.) पहिला चेंडू गाताऽ. नातू ओरडला, “दोन्माइ, आजोबा!” मित्राची आई त्याला दटावू लागली की आजोबांना असं म्हणत नाहीत, पण दादा हसत होते. दुसऱ्या चेंडूत सहा पडल्या. नातवानं विचारलं, “नानबोन?” दादा गडबडले आणि म्हणाले, “रोकुहोन.” दोन्ही पोरं एका सुरात, “रोप्पोन!”

“व्हय व्हय, रोप्पोन,” दादा म्हणाले, “म्हातारा प इसरलो.” मग तो म्हातारा प म्हणजे काय, हे नातवाला सांगायला त्यांना मराठीच लागली. पोरानं ते मित्राला जपानीत समजावून सांगितलं, आणि त्या दोघांना आपलीच भाषा अशी आहे हे माहीत नव्हतं. एकूण गुण दादांचे ५८, वहिनींचे ८१. वहिनींनी एकही शब्द पाठ केलेला नव्हता असं दादांचं म्हणणं, पण तिसऱ्या फेरीला “ओशी देसु ने” असं त्याच म्हणाल्या होत्या.

स्वाध्याय :

घरातल्या प्रत्येकाच्या पायाची लांबी कागदावर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि जपानीत सांगा. दहा बाटल्या मांडून दोघा-दोघांनी पाच फेऱ्या खेळा, पडलेल्या आणि उरलेल्या दोन्ही मोजा. मराठीत वस्तू मोजताना लागणारे जुडी, पेंढी, मोळी यांसारखे आणखी निदान दहा शब्द घरच्या मोठ्या माणसांना विचारून वहीत लिहून आणा. ‘ओशी’ला चांगला मराठी शब्द कोणाला सुचला तर मला जरूर सांगा.